उपचाराधीन हसू

पंचशीला भद्रे बोरखडीत ग्रामसेविका म्हणून रुजू झाली आणि आठवड्याच्या आत गावानं ठरवून टाकलं की मॅडम कडक आहे. यात तिचा काही हात नव्हता. ती हसत नसे, एवढंच. आणि हसत नसे त्याला कारण स्वभाव नव्हता, वरचा डावा सुळा होता. तो बाकीच्या दातांच्या रांगेत न बसता वर हिरडीत, माळवदावर चढून बसावं तसा बसला होता. शाळेत असताना हसायचं झालं की ती तोंडावर हात धरायची. नोकरीत हातात रजिस्टर आलं, मग हसणंच सोडून दिलं.

कडकपणाचा फायदा झाला. आधीच्या ग्रामसेवकाला लोक दाखल्यासाठी रस्त्यात, चहाच्या टपरीवर, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत गाठायचे. हिला कोणी गाठलं नाही. ती अहमदपूरहून स्कुटीवर चौदा किलोमीटर यायची, काम करायची, जायची. २०१५ साल होतं. पावसानं त्या साली बोरखडीचा पत्ताच टाकून दिला होता.

ऑगस्टातल्या ग्रामसभेत ती घरकुलाची यादी वाचत होती. सोळा नावं नीट झाली. सतरावं नाव ग्यानोबाचं. ‘ग्या’ म्हणायला तोंड उघडलं ते मिटलंच नाही. जबडा डाव्या कानापाशी कट्कन वाजला आणि तिथंच राहिला. पंचशीलानं मान हलवली, हनुवटीला हात लावून बघितला. तोंड उघडंच. सभेत दीडशे माणूस. ग्यानोबाच्या घरच्यांना वाटलं, नाव मुद्दाम गिळलं.

शेवटी पुढं बसलेली म्हातारी साखराबाई उठली. ती गावची सुईण. तिनं पदर खोचला, दोन्ही अंगठ्यांना लुगड्याचं टोक गुंडाळलं, ते पंचशीलाच्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबून मागं ढकललं. जबडा जागेवर गेला.

“वासराचा बसवलेला हाय म्या,” साखराबाई म्हणाली. “माणसाचा पयलाच.”

पंचशीलानं ग्यानोबाचं नाव वाचलं, पुढची नऊ वाचली, आणि पुढच्या शनिवारी नांदेडची एसटी धरली.

डॉक्टर गुरुलिंग मठवाले दात सरळ करणारे. माणूस बोलायला मोजका. त्यांनी तिचे पुढून, बाजूनं, ओठ मिटून, दात दाखवून असे फोटो काढले, आणि चेहऱ्याच्या फोटोचे मधोमध उभे दोन भाग केले. डाव्या भागाला डावाच उलटवून जोडला, उजव्याला उजवा. संगणकावर दोन बायका तयार झाल्या. एक निमुळती, एक रुंद.

“ही तर माझी आत्या दिसायलीय,” पंचशीला म्हणाली.

“दोन्ही तुम्हीच,” डॉक्टर म्हणाले. “कुणाचाच चेहरा दोन्हीकडं सारखा नसतो. तुमच्यात फरक जरा जास्त आहे. चावताना डावीकडचे दात अडतात, म्हणून तुम्ही जबडा सरकवून चावता. लहानपणापासून. हनुवटी चार मिलिमीटर डावीकडं गेलीय. त्यातले तीन दातांमुळं. ते जागेवर आणू. एक तुमचा स्वतःचा. तो राहील.”

“राहू द्या.”

“दोन वर्षं लागतील. आणि मधल्या काळात चेहरा, विशेषतः हसू, आधीपेक्षा वाकडं दिसेल. दात लवकर सरकतात. ओठ आणि गालांना ते उशिरा कळतं.”

पंचशीलानं विचार केला. जे हसू आजवर कुणी बघितलंच नव्हतं ते काही महिने वाकडं दिसलं तर कुणाच्या लक्षात येणार होतं? तिनं होकार दिला. तारा लागल्या. मग दर महिन्याला एक शनिवार ठरून गेला. अहमदपूर, लोहा, नांदेड, आणि तसंच परत. येताना जबडा ठणकायचा. दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून खायची.

मार्चपर्यंत सुळा माळवदावरून खाली उतरला आणि रांगेत उभा राहिला. मग डॉक्टरांनी एक बारीक रबर दिलं. वरच्या डाव्या सुळ्यापासून खालच्या उजव्या दातापर्यंत तिरपं ओढून लावायचं, म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेघा एकमेकींसमोर येतील. जेवताना काढायचं, एरवी दिवसभर ठेवायचं.

अहमदपूरच्या खोलीत तिनं आरशासमोर ओठ उघडले. सुळा जागेवर होता. ती हसली. आरशात माणूस जे बघायला जातो तेवढंच बघतो. ती सुळा बघायला गेली होती. तोंडाचा उजवा कोपरा वर चढला आणि डावा होता तिथंच राहिला, हे तिनं बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंचशीला हसू लागली. टँकरच्या ड्रायव्हरकडं बघून हसली. विहिरीवरच्या बायकांकडं बघून हसली. शिपायाला रजिस्टर आण म्हणताना हसली. सत्तावीस वर्षांचं साठलेलं होतं, ते एकदम बाहेर पडायला लागलं. गाव गोंधळून गेलं. कडक मॅडम हसायली म्हणजे काहीतरी शिजतंय. कुणी म्हणालं, बदली झाली असणार. कुणी म्हणालं, टँकर बंद होणार आणि मॅडमला आधीच कळलंय.

टँकर त्या वेळी दिवसाला दोन खेपा करायचा. पाणी गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचा आणि बाया ते पोहऱ्यानं पुन्हा वर ओढायच्या. लातुरात तर रेल्वेनं पाणी येऊ लागलं होतं. पंचशीला वहीत खेपेची वेळ लिहायची, दोन बायांच्या सह्या घ्यायची, आणि दिवसभर गावात पाण्याचा थेंब प्यायची नाही. टँकरची वही जिच्या हातात, त्या बाईनं कुणाच्या दारात तांब्याभर पाणी मागणं तिला बरं वाटेना. अहमदपूरहून आणलेली बाटली दहा वाजताच संपायची.

एप्रिलमध्ये पाण्यासाठी ग्रामसभा भरली. त्या सभेत शेषेराव बेंबडे बोलायला उभे राहिले.

शेषेराव साठीच्या पुढचे. सहा एकराचे मालक, आणि तालुक्यातले सगळ्यात जुने अर्जदार. अर्ज लिहिणं हे त्यांचं खरं पीक. त्याला पाऊस लागत नसे. त्या वर्षी त्यांचा मुख्य विषय होता नवा जिल्हा. लातूर मोठं झालंय, उदगीर वेगळं करा, आणि आपला तालुका त्यात घाला. ते आपल्या प्रत्येक अर्जावर पत्ता असा लिहायचे: मुक्काम बोरखडी, तालुका अहमदपूर, जिल्हा उदगीर, नियोजित. त्यामुळं त्यांचे निम्मे अर्ज ‘जिल्हा अस्तित्वात नाही’ असा शेरा घेऊन परत यायचे. ते पुन्हा पाठवायचे.

त्यांची एक सवय होती. रुमाल डोक्याला न बांधता ते तोंडाला गुंडाळायचे आणि त्यातूनच बोलायचे. धुळीचे दिवस, पंचशीलाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“पाणी, पाणी करून राहिलात,” शेषेराव रुमालातून म्हणाले, “मी म्हणतो, जिल्हा झाला की चार महिन्यांत पाईपलाईन! लातूरला आपण दिसतच न्हाई. उदगीरहून आपण दिसतो!”

बोलण्याच्या भरात रुमाल हनुवटीखाली घसरला. नेमका त्याच क्षणी पंचशीलाचा फोन थरथरला. तालुक्याहून निरोप होता: तिसरी खेप मंजूर. महिनाभर ती या निरोपाची वाट बघत होती. तिनं मान वर केली. समोर शेषेराव होते. ती त्यांच्याकडं बघून मनापासून हसली.

शेषेरावांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. रुमाल वर ओढला आणि खाली बसले.

सभा संपल्यावर तिसऱ्या खेपेची बातमी ऐकून सगळे खूश झाले. शेषेराव आधीच निघून गेले होते.

आठ दिवसांनी तालुक्याच्या ऑफिसातून पंचशीलाला फोन आला. विस्तार अधिकारी नरसिंग येमेकरांनी बोलावलं होतं. येमेकर निवृत्तीला अकरा महिने उरलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या टेबलावर एक अर्ज होता.

“बसा. तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय.”

“कशाची साहेब? टँकरची वही रोजची रोज पूर्ण आहे.”

“वहीची नाही.” येमेकरांनी चष्मा लावला आणि वाचलं. “‘सदर ग्रामसेविका दुष्काळग्रस्त जनतेकडे पाहून कुत्सितपणे हसतात. ग्रामसभेत ज्येष्ठ नागरिक बोलत असताना त्यांनी एका बाजूने हसून जनतेच्या भावना दुखावल्या आहेत.’ खाली एक्केचाळीस सह्या.” त्यांनी कागद खाली ठेवला. “मला बत्तीस वर्षं झाली नोकरीत. न केलेल्या कामाची चौकशी केलीय, केलेल्या कामाचीबी केलीय. हसण्याची ही पहिली. कुठल्या फायलीत लावू तेच कळंना.”

“मी एका बाजूनं हसत नाही साहेब.”

“हसून दाखवा.”

पंचशीलानं प्रयत्न केला. सरकारी टेबलासमोर, हुकमानं, पंख्याच्या खटखटीत माणूस जेवढं हसू शकतो तेवढी हसली. येमेकर पुढं झुकून, पंचनामा करावा तसे बघत होते.

“हसताय ना?”

“हो साहेब.”

“उजवीकडं हसताय. डावीकडं न्हाई.” मग त्यांना तारा आणि ते तिरपं रबर दिसलं. “हे काय लावलंय?”

तिनं सांगितलं. येमेकरांना हायसं वाटलं. कागदावर बसणारी गोष्ट सापडली होती.

“मग डॉक्टरचं पत्र आणा. हसणं वाकडं आहे ते उपचारामुळं, आणि त्यात कुत्सितपणा नाही. शिक्क्यासकट.”

त्या संध्याकाळी तिनं खोलीत पुन्हा आरसा घेतला. या वेळी सुळ्याकडं बघितलंच नाही. ती हसली, आणि पहिल्यांदा तिला ते दिसलं. उजवा कोपरा वर, गाल फुगलेला, डोळा बारीक. डावीकडं काहीच नाही. ओठ ताणून थांबलेला. कुणी आपल्याकडं बघून असं हसलं असतं तर आपणही अर्ज केला असता, असं तिला वाटलं. मग एकेक चेहरा आठवू लागला. टँकरचा ड्रायव्हर. विहिरीवरच्या बाया. शिपाई. या सगळ्यांकडं बघून ती महिनाभर हे असं हसत होती. तिनं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला.

शनिवारी डॉक्टरांनी हातमोजे घालून तिचा डावा ओठ उचलला आणि सोडला. ओठ सुळ्यावर तार धरणाऱ्या ब्रॅकेटला चिकटून राहिला.

“इथं अडकतोय. उजवा मोकळा आहे, तो जातो. शिवाय रबराची ओढ आहेच. तोंड इतकं कोरडं का? पाणी पीत नाही?”

“कमी पिते.”

“का?”

“टँकर माझ्याकडं आहे,” पंचशीला म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी ब्रॅकेटवर लावायला मेण दिलं, पाणी प्या म्हणाले आणि पत्र लिहायला बसले. रुग्णाच्या स्मितात तात्पुरती असममिती आहे, ती दंतोपचाराचा भाग आहे, सहा ते आठ महिन्यांत कमी होईल. सही, शिक्का.

“डॉक्टरसाहेब, त्यात कुत्सितपणा नाही असं एक वाक्य घाला. साहेबांनी सांगितलंय.”

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “ते मला लिहिता येणार नाही. माझं काम ओठांपर्यंत. हसण्यामागं काय आहे त्याची तपासणी माझ्याकडं होत नाही.”

नांदेडहून ती उमरीला, आई-वडिलांकडं गेली. वडील निवृत्ती भद्रे पोस्टमन होते. अंगणात सायकल पुसत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फडकं झटकलं आणि एकच विचारलं.

“तक्रार आडनाव वाचून आलीय का गं?”

“न्हाई बाबा. तोंड बघून.”

“मग हरकत नाही,” वडील म्हणाले आणि पुन्हा सायकल पुसू लागले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात पत्रं पोचवली होती. काही दारांत पत्र हातात न घेता उंबऱ्यावर ठेव म्हणायचे. त्या मानानं हे प्रकरण त्यांना हलकं वाटलं. आई नागुबाईला मात्र नाही. “ताराच काढून टाक,” ती म्हणाली. “वाकडा होता तवा कुणी अर्ज केला होता का?” पंचशीलानं तारा काढल्या नाहीत. तोंड बंद ठेवलं. बोरखडीत पुन्हा बातमी पसरली की मॅडम कडक झाली, आता नक्की काहीतरी झालंय.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशी झाली. येमेकर जीपमधून आले आणि ग्रामपंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. एका बाजूला पंचशीला, समोर शेषेराव, तोंडाला रुमाल. भोवती गाव. टँकरची दुसरी खेप यायला वेळ होता, म्हणून बायकाही होत्या.

येमेकरांनी आधी सह्या करणाऱ्यांना विचारलं. पहिला ग्यानोबा.

“मॅडम तुमच्याकडं बघून हसल्या का?”

“कवा?”

“अर्जावर सही आहे तुमची.”

“ती तर जिल्ह्यासाठी केलीय.”

दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. येमेकरांनी सह्यांचा कागद उलटा धरून उन्हात बघितला. वरच्या कडेला घडी घालून दाबलेली एक ओळ होती: ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.’

“शेषेराव, हे काय?”

“सह्या खऱ्या हायत,” शेषेराव रुमालातून म्हणाले. “विषय बदलला.”

मग साखराबाई न बोलावता पुढं आली. “माझं लिवून घ्या. मॅडम हसती त्ये बरं हाय. अगूदरचा ग्रामसेवक हसतबी नव्हता अन् हापिसात येतबी नव्हता. अन् हिचा जबडा म्या बसवलेला हाय. त्यात काय वाकडं झालं आसंल तर माझ्यावर अर्ज करा.”

येमेकरांनी ते लिहून घेतलं नाही. डॉक्टरांचं पत्र वाचून दाखवलं. ‘असममिती’ शब्दावर ते दोनदा अडले. गावानं पत्र शांतपणे ऐकलं. कुणाला काही कळलं नाही, पण शिक्का सगळ्यांना दिसला.

“आता शेषेराव, तुमचं काय म्हणणं? नेमक्या कशा हसल्या मॅडम? ‘कुत्सित’ असा शब्द आहे तुमचा. तो मी नोंदवू कसा? करून दाखवा.”

कुणीतरी फिस्कारून हसलं. शेषेराव उठले नाहीत. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली, रुमाल मांडीवर घेतला आणि मान वर केली.

“असं,” ते म्हणाले.

त्यांनी काहीही केलं नव्हतं. त्यांचं तोंडच तसं होतं. उजवा कोपरा वर ओढलेला, डावा गाल खाली लोंबलेला, डावा डोळा पुरता न मिटणारा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ते उठले तेव्हा अर्धा चेहरा लुळा पडलेला होता. दवाखान्यात महिनाभरात बरं होईल म्हणाले होते, थोडंच झालं. पहिल्या वर्षी शाळेतली पोरं त्यांच्यामागं तोंड वाकडं करून चालायची. मग त्यांनी रुमाल बांधला. पोरं विसरली, गावही विसरलं. विसरले नव्हते ते फक्त शेषेराव. आणि पंचशीला गावात आली ती रुमाल बांधल्यानंतर.

येमेकरांनी पेनाचं टोपण लावलं.

पंचशीला उठली आणि शेषेरावांच्या समोर जाऊन उभी राहिली. इतका मोठा अर्ज लिहिणाऱ्या माणसानं त्यात हे एकच लिहिलं नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली, “मी तुमचं तोंड आज पहिल्यांदा बघायलेय.”

“त्या दिवशी रुमाल पडला होता.”

“त्या दिवशी तिसरी खेप मंजूर झाली होती. फोनवर आलं. म्हणून हसले. तुमचं तोंड मी बघितलंच नाही, देवाशप्पथ म्हणत नाही, पण खरं सांगतेय. अन् हे बघा.”

तिनं गावासमोर तोंड उघडलं, डावा ओठ बोटानं वर धरला आणि आत लावलेलं रबर दाखवलं. शेषेरावांनी खिशातून चष्मा काढला. सातबारा वाचावा तसं त्यांनी तिचं तोंड वरून खाली वाचून काढलं.

“हे इकडून तिकडं ओढतं व्हय?”

“हाव.”

“कोण लावतं?”

“मीच. रोज बदलायचं असतं.”

“दुखतं?”

“पहिले दोन दिवस. मग सवय होते.”

“अन् ह्याच्यानं तोंड सरळ व्हतं?”

“तीन मिलिमीटर,” पंचशीला म्हणाली.

शेषेरावांनी चष्मा घडी करून ठेवला. “मला वाटलं, तुमी माझी नक्कल केली,” ते हळू बोलले. “शिकलेली, सरकारी बाई. पोरं करतात ती गोष्ट येगळी.”

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धं गाव उठून विहिरीकडं गेलं. चौकशी तिथंच संपली. शेषेरावांनी अर्ज मागं घेतल्याचं लिहून दिलं, पत्त्यात जिल्हा उदगीर, नियोजित. येमेकरांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यांचा अहवाल चार ओळींचा होता: ‘चौकशीअंती असे दिसून आले की ग्रामसेविकेचे हसू उपचाराधीन आहे. अर्जदाराचे तोंडही आजारामुळे वाकडे असून त्यावर उपचार सुरू नाहीत. दोन्हींचा पाणीटंचाईशी संबंध आढळून आला नाही. प्रकरण निकाली काढण्यात यावे.’

पाणीटंचाईबद्दलची तिसरी ओळ कोरड्या तोंडाच्या पंचशीलाला पटली नव्हती. पण अहवाल आपल्या बाजूचा असला की त्यात दुरुस्ती सुचवू नये, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढली तर मागच्या सीटवर शेषेराव बसलेले. पांढरे कपडे, तोंडाला रुमाल, काखेत पिशवी.

“मामा, कुठं?”

“तुमचा डॉक्टर बघावा म्हणलं.”

“ते दातांचे डॉक्टर आहेत.”

“म्हून काय झालं? जवळच हाय की.”

डॉक्टर मठवालेंनी शेषेरावांना खुर्चीत बसवलं, भुवया उचलायला लावल्या, गाल फुगवायला लावले. मग म्हणाले, हा मज्जातंतूचा भाग, माझा नाही. पण त्याच गल्लीत चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडं चिठ्ठी दिली. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की चार वर्षं झालीत, पूर्ण येणार नाही. थोडं येईल. आरशासमोर रोज अर्धा तास: ‘ई’ म्हणायचं, ‘ऊ’ म्हणायचं, शीळ घालायची, डाव्या गालाला बोटानं आधार देऊन हळूच हसायचं.

“शीळ?” शेषेरावांनी विचारलं. “या वयात?”

“घरात घाला,” बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडबाहेर अर्धापूरच्या केळ्यांचा गाडा होता. तारा नुकत्याच आवळल्यामुळं पंचशीलाला चावता येत नव्हतं. शेषेरावांच्या डाव्या गालात घास अडकून राहायचा, म्हणून ते चारचौघांत जेवतच नसत. दोघांनी अर्धा डझन केळी घेतली आणि बाकावर बसून खाल्ली. शेषेरावांनी त्यासाठी रुमाल काढला. नांदेडात त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

“जिल्हा झाला की,” ते केळं सोलत म्हणाले, “असला दवाखाना उदगीरात यील.”

“येईल.”

“हसलात?”

“हो मामा.”

“आता दोन्हीकडून हसायलाव जरा जरा,” शेषेराव तिच्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले.

ते वर्ष कसंबसं पार पडलं. सप्टेंबरात पाऊस झाला आणि टँकरची वही बंद झाली. दिवाळीपर्यंत शेषेरावांचा डावा कोपरा दोन तांदळांएवढा वर आला. मोजणारे तेच होते, मानणारेही तेच. पण रुमाल सुटला, आणि त्यामुळं ग्रामसभेतली त्यांची भाषणं दुपटीनं लांबली. पहाटे त्यांच्या घरातून शीळ ऐकू यायची. सुरुवातीला सून माहेरी जाऊन बसली. मग परत आली. येमेकर सन्मानानं निवृत्त झाले. उदगीर जिल्हा झाला नाही.

२०१७च्या डिसेंबरात डॉक्टरांनी पंचशीलाच्या तारा काढल्या. पुन्हा तेच फोटो घेतले, तसेच दोन भाग करून जोडले. दोन्ही बायका आता बहिणी वाटत होत्या. जुळ्या नव्हेत.

सोमवारी ती बोरखडीला आली. दिवसभर ती दाखल्यांवर सह्या करत होती, लोक येत-जात होते. ती सगळ्यांकडं बघून हसत होती. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. दुपारी साखराबाई पेन्शनचा कागद घेऊन आली, समोर बसली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली.

“मॅडम, तब्येत बरी हाय ना? तोंड लहान दिसायलंय.”

“बरी आहे मावशी. तारा काढल्या.”

“कुटल्या तारा?” साखराबाई म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

पंचशीलानं शाईची डबी उघडली. तोंड मिटून ती वरच्या दातांवरून एकदा जीभ फिरवत गेली, डावीकडून उजवीकडं. कुठंच काही अडलं नाही. दात नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत लागले, दुसऱ्या कुणाच्या तोंडात जीभ गेल्यासारखं वाटलं. तिनं साखराबाईचा अंगठा धरला, शाईत टेकवला आणि कागदावर नीट दाबला.